गॅलरीतलं ऊन जातं कुठे?

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथून परतणाऱ्या गर्दीत हातात एकही झाड नाही असा माणूस शोधावा लागतो. रिक्षात पायाशी गुलाब, स्कूटरवर पुढे जास्वंद, पिशवीतून डोकावणारी शेवंती. दक्षिणेकडच्या गॅलरीत ठेवलेला गुलाब महिना-दोन महिने झकास फुलतो. मार्च संपता संपता कळ्या कमी होतात, पानं विरळ होतात, आणि मे महिन्यात, म्हणजे बाहेर डांबर वितळायची वेळ आलेली असताना, त्याच्या लांबट फिकट काड्या तेवढ्या उरतात. घरातले लोक आधी पाणी वाढवतात, मग खत घालतात. शेवटी ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असं ठरतं आणि कुंडी जिन्यात जाऊन बसते.

हाताचा यात काही संबंध नसतो. त्या गॅलरीत ऊनच यायचं थांबलेलं असतं. ते कधी थांबलं हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बाहेरचा उन्हाळा रोज जाणवत असतो. घरची बाग रचताना पहिला प्रश्न ‘कोणतं झाड आणू’ हा असतो. खरं तर ऊन, पाणी आणि वजन या तीन गोष्टी त्या जागेत कशा वागतात ते आधी पाहिलं, की झाडांची निवड बरीचशी आपोआप होते.

दुपारचा सूर्य उत्तरेला जातो तेव्हा

पुणे विषुववृत्तापासून साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशच वर येतो, तोही दक्षिणेच्या बाजूने. वरच्या मजल्याची गॅलरी छतासारखी डोक्यावर असली तरी तिच्या कडेखालून ही तिरपी किरणं आत घुसतात. फरशीपासून वरचा स्लॅब 10 फुटांवर धरला, तर डिसेंबरात दुपारचं ऊन जवळजवळ 9 फूट आत येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य चढलेला असतो आणि तेच ऊन सव्वातीन फुटांपर्यंत मागे सरतं. एप्रिलच्या मध्यावर ते जेमतेम दीड फूट उरतं.

मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत ‘शून्य सावलीचा दिवस’ येतो. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच मावते. कोल्हापुरात हा दिवस थोडा आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेच्या बाजूला जातो. जुलैच्या अखेरीला पुणे-मुंबईकरांच्या डोक्यावरून तो पुन्हा दक्षिणेकडे परततो. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेची गॅलरी दुपारी सावलीत असते, आणि वर्षभर अंधारी म्हणून अडगळीला दिलेल्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन उतरतं.

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत आणि व्हिडिओंत ‘दक्षिणेची बाजू म्हणजे भरपूर ऊन’ हे सूत्र सतत येतं. लंडनसाठी ते शंभर टक्के खरं आहे. साडेएक्कावन्न अंशांवरच्या त्या शहरात दुपारचा सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, बाराही महिने तो दक्षिणेलाच असतो. तिथे किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हे सूत्र जरूर पाळावं. ठाण्यातल्या बहिणीला मात्र तोच सल्ला फोनवरून देऊ नये.

पूर्व-पश्चिमेचा हिशेब सोपा आहे. पूर्वेला सकाळचं ऊन वर्षभर मिळतं. तेव्हा हवा थंड असते, त्यामुळे पानं करपत नाहीत. घरी भाजी लावायची असेल तर ही बाजू सर्वांत भरवशाची. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन येतं ते तापलेल्या हवेसकट.

कठड्याचाही विचार करावा लागतो. विटांचा भरीव, 3 फुटी कठडा असेल तर त्याच्या आतल्या बाजूला, फरशीवर, ऊन पडतच नाही. डिसेंबरात कठड्याची सावली पावणेतीन फूट पसरते. नेमक्या याच पट्ट्यात बहुतेक घरांतल्या छोट्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. त्याच कुंड्या फूट-दीड फूट उंच स्टँडवर ठेवल्या की झाडाचा शेंडा कठड्याच्या वर येतो आणि काहीही न बदलता ऊन मिळू लागतं. सगळ्यांत स्वस्त सुधारणा कोणती, तर ही.

कागदावर दिशा काढण्यापेक्षा खडू बरा. सुट्टीच्या दिवशी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता उन्हाच्या कडेवर फरशीवर रेघ मारायची. हेच एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये केलं, की त्या गॅलरीचा नकाशा तयार होतो. मेमध्ये एकही रेघ मारता आली नाही, तर गुलाबाचं उत्तर मिळालंच.

डोळ्यावर विसंबू नये

‘पण आमच्याकडे उजेड भरपूर आहे’ असं अनेकांना वाटतं. कडक उन्हात सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत तो 10 हजारांच्या आसपास उतरतो आणि रात्री दिवाणखान्यात दिव्याखाली दोन-तीनशेच असतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, मेंदूही जुळवून घेतो, त्यामुळे माणसाला तिन्ही ठिकाणी पेपर वाचता येतो. पानाला अशी सोय नाही. पडेल तेवढ्याच प्रकाशावर त्याला साखर बनवावी लागते.

नर्सरीतून आणलेलं झाड सावलीत आल्याबरोबर मरत नाही, कारण खोडात आणि मुळांत साठवलेल्या साखरेवर ते काही आठवडे काढतं. त्यामुळेच मालक गाफील राहतो. शिवाय उन्हात तयार झालेली पानं जाड असतात, सावलीत तयार होणारी पातळ आणि रुंद. जुनं पान नव्या जागेला पूर्ण जुळवून घेऊ शकत नाही, म्हणून झाड ते गाळतं आणि नवं काढतं. नवीन आणलेल्या फायकसची अर्धी पानं पहिल्या महिन्यात गळतात ती यामुळे. त्याची जागा रोज बदलली तर हा उद्योग त्याला पुन्हा पुन्हा करावा लागतो. उलटही होतं: हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं रोप थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढरट डाग पडतात. आधी तासभर, मग दोन तास, असं पंधरा दिवसांत त्याला उन्हाची सवय लावावी लागते.

कुंडीच्या तळाशी काय चालतं

कुंड्यांतली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. तळाला भोक असूनही असं का व्हावं?

भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून हातावर आडवा धरला तर थोडं पाणी ठिबकतं आणि थांबतं. आता तोच स्पंज उभा धरला, की पिळल्याशिवायही पुन्हा धार लागते. स्पंज तोच, छिद्रंही तीच. बारीक छिद्रं पाण्याला धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण ते खाली ओढतं. या ओढाताणीत तळाचा ठरावीक उंचीचा थर भरलेलाच राहतो. स्पंज आडवा असताना तो थर जवळजवळ सगळा स्पंज व्यापतो, उभा केल्यावर तळाचा थोडाच भाग.

कुंडीत हेच घडतं. पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक चिंब थर उरतो, आणि त्याची उंची कुंडीवर अवलंबून नसते, आतलं मिश्रण किती बारीक आहे त्यावर असते. एखाद्या मिश्रणात हा थर 2 इंचांचा असेल, तर 4 इंची उथळ कुंडीचा निम्मा भाग कायम ओला राहील, 12 इंची कुंडीचा सहावा हिस्सा. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो, आणि चिंब थरात हवेला जागाच नसते. तिथली मुळं गुदमरतात आणि कुजतात. मुळं गेली की पाणी असूनही ते वर चढत नाही, म्हणून पानं मलूल होतात. घरच्या माणसाला वाटतं झाड तहानलेलं आहे, आणि तो आणखी तांब्याभर ओततो.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा चांगला होतो, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. त्यामुळे चिंब थर नाहीसा होत नाही, खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा पुरतो. निचरा सुधारायचा तर सगळं मिश्रणच भरड करावं लागतं: भाताचं तूस, जाडसर कोकोपीट, नीट कुजलेलं कंपोस्ट, थोडी पोयट्याची माती. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीनदा भिजवून पिळावं. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि ते न धुता वापरलं तर कोवळ्या पानांच्या कडा जळतात.

मातीच्या कुंडीचा इथे मोठा फायदा आहे. तिच्या अंगातून ओल बाहेर येते, तिची वाफ होते, आणि कुंडी आतून गारही राहते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीचा उन्हाकडचा भाग मे महिन्यात इतका तापतो की त्याला चिकटलेली मुळं मरतात. गच्चीवर प्लास्टिकच वापरायचं असेल तर रंग पांढरा घ्यावा, किंवा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे फक्त बाहेरच्या ओळीला ताप सोसावा लागतो.

स्लॅब किती पेलतो

गच्चीवर फूटभर मातीचे वाफे करायची हौस अनेकांना असते. आकडे पाहिले की ती आवरते. 1 चौरस मीटर जागेत 1 फूट माती म्हणजे सुमारे 300 लिटर. पावसात भिजल्यावर तिचं वजन 500 किलोच्या घरात जातं. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक 875 मध्ये दर चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरलेला आहे. मातीचा वाफा त्याच्या तिपटीहून जड भरतो. 14 इंची एकच कुंडी ओल्या मातीसह 35-40 किलो होते. सुट्या कुंड्या चालतात, पण त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींलगत, तुळयांवर, खांबांच्या डोक्यावर ठेवाव्यात. गच्चीभर बाग करायची तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पहिली पिशवीही वर नेऊ नये.

वजनाच्या या अडचणीतूनच मुंबईत एक सुंदर वाट निघाली. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडं वापरून भाज्या आणि फळझाडं वाढवली. चिपाडं, कंपोस्ट आणि अगदी थोडी माती. रसवंतीवर ही चिपाडं फुकट मिळतात, वजनाला हलकी असतात आणि ओल धरून ठेवतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 मध्ये सुरू केलेली बागही अशाच विचारावर उभी राहिली. खाली हजारोंचा स्वयंपाक व्हायचा, भाज्यांची सालं-देठं वर जायची आणि त्यातूनच झाडं पोसली जायची. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच दिशेने: उन्हाचा प्रत्येक तुकडा पानाने पकडावा आणि पालापाचोळा जागेवरच मातीत रूपांतरित व्हावा.

चिपाडांत एक मेख आहे. त्यांत कार्बन खूप आणि नत्र फार कमी असतं. ती कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढीसाठी नत्र लागतं, आणि ते आजूबाजूचं नत्र आधी स्वतःच उचलतात. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांत रोपं पिवळी पडतात. निंबोळी पेंड किंवा पक्कं शेणखत सुरुवातीलाच मिसळलं, किंवा चिपाडं आधी कुजवून घेतली, तर हा टप्पा निभावतो. पातळीही झपाट्याने खाली जाते, त्यामुळे भर घालत राहावी लागते.

चौकट : कुणाला किती खोली

मेथी, कोथिंबीर, पालक : 6 इंच. रुंद ट्रे चालतो, 3-4 तास ऊन पुरतं.
पुदिना, पानओवा : 6 ते 8 इंच. अर्धी सावली चालते.
मिरची, वांगं, टोमॅटो : 12 इंच. किमान 5-6 तास थेट ऊन हवं.
दोडका, दुधी, तोंडली : 15 इंच आणि वर चढायला मांडव.
लिंबू, कढीपत्ता, डाळिंब : 18 इंच किंवा जास्त.
फक्त उजेड असलेली गॅलरी : मनी प्लांट, स्नेक प्लांट, अग्लोनिमा, पीस लिली, फर्न.
पिंपळ आणि वडाची रोपं भिंतीच्या फटीत दिसली की लगेच मुळासकट काढावीत.

परसदार आणि कुळागर

रचनेचे धडे घ्यायला लांब जावं लागत नाही. जुन्या कोकणी घराच्या मागे न्हाणीचं पाणी जिथे पडायचं, तिथेच केळी आणि कर्दळ असायची, पुढे ओलाव्यात अळू पसरलेलं असायचं. कोरड्या उंचवट्यावर शेवगा. विहिरीच्या वाटेवर मिरची-कढीपत्ता, कारण फोडणी करताना हात पोचला पाहिजे. पाण्याच्या गरजेनुसार शेजारी ठरलेले असत. गॅलरीतही हेच करावं. कोरफड आणि फर्न एकमेकांना लागून ठेवले तर एकाच झारीने पाणी घालणारा माणूस दोघांपैकी एकाला नक्की मारतो.

उन्हाची वाटणी शिकावी ती गोव्याच्या कुळागराकडून. सर्वांत वर नारळ आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरवेल, मधल्या सावलीत केळी आणि जायफळ, तळाला अननस आणि हळद. वरच्याने सोडलेलं ऊन खालचा घेतो. 6 बाय 4 फुटांच्या गॅलरीत नारळ लागणार नाही, पण रीत तीच: कडेला उन्हाची वेल जाळीवर, तिच्या आडोशाला मध्यम उंचीचं जास्वंद किंवा अनंत, आणि त्यांच्या पायाशी सावलीत पुदिना, पानओवा, फर्न. झाडं अशी गटाने असली की पानांतून निघणारी वाफ तिथेच रेंगाळते आणि उन्हाळ्यात प्रत्येकाची तहान थोडी कमी होते.

उभ्या भिंतीवरच्या बागांचं आकर्षण पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाच्या भिंतीने जगभर वाढवलं. पात्रिक ब्लाँ यांनी तिथे मातीविना, फेल्टच्या थरांवर झाडं वाढवली, वरून खतमिश्रित पाणी ठिबकत ठेवून. घरी कप्प्यांची भिंत करताना एक गोष्ट विसरली जाते: पाणी खाली जातं. वरचा कप्पा सर्वांत आधी सुकतो, खालचा चिंब राहतो. म्हणून वर ऑफिस टाइम आणि सेडमसारखी काटक झाडं, खाली फर्न. आणि पंप बंद पडला तर दोन दिवसांत काय होईल, याचा विचार भिंत उभारण्याआधीच करावा.

छोटी जागा मोठी दिसावी असं वाटत असेल तर डोळा अंतर कसं ठरवतो हे उपयोगी पडतं. मोठी पानं जवळची वाटतात, बारीक पानं लांबची. दारापाशी मॉन्स्टेरा किंवा कर्दळ आणि टोकाला शतावरीचा झुबका ठेवला, तर 6 फुटांची गॅलरी खोल दिसते. क्योटोच्या एन्त्सु-जी मंदिरातली बाग याहून पुढे जाते. कुंपणाची उंची आणि झाडांची खोडं अशी बसवली आहेत की दूरचा हिएई डोंगर बागेचाच भाग वाटतो. आपल्या समोर डोंगर नसेल, पण रस्त्यावरचा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असतो. उंच कुंड्या दोन्ही कोपऱ्यांत सारून मध्य मोकळा ठेवला, की ते अख्खं झाड गॅलरीत जमा होतं. त्याला पाणीही घालावं लागत नाही.

पश्चिमेची भिंत, आणि पावसाळा

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता घरात सोडते. भिंतीपासून फूटभर अंतरावर तारांची जाळी उभी करून तिच्यावर मधुमालती, गोकर्ण किंवा कृष्णकमळ चढवलं तर दोन कामं होतात. पानं ऊन अडवतात, आणि पानांतून पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटएवढी ऊर्जा लागते. जाळी आणि भिंत यांतल्या मोकळ्या जागेतून हवा वर सरकत राहते. ही जागा न ठेवता वेल थेट भिंतीवर सोडली, तर पावसाळ्यात प्लास्टर ओलं राहतं.

पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवाव्यात. डेंगी पसरवणाऱ्या डासाचं अंड्यापासून पंखांपर्यंतचं सगळं आयुष्य अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात साधारण 8 ते 10 दिवसांत पुरं होतं. ज्यांना बशा लागतातच, त्यांनी आठवड्यातून एक वार ठरवून त्या उपड्या कराव्यात. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की खालून झाडू फिरतो, स्लॅब वाळतो, निचऱ्याचं भोक बुजलं आहे का ते वाकून पाहता येतं, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येत नाही.